बिनटोपलीचं वजन

सरावलीच्या चाळीत कुणी चंद्रभान पागधऱ्याचं घर विचारलं, तर लोक खोलीचा नंबर सांगत नाहीत. "ज्या सायकलीखाली मांजरं झोपलेली दिसतील तेच दार," एवढंच सांगतात. दोन करडी, एक काळं आणि अर्धं शेपूट गमावलेला एक बोका. सायकल म्हणाल तर काळी, जुनी, दोन दांड्यांची, मागे लोखंडी सळयांचं रुंद कॅरिअर. त्या कॅरिअरात वीस वर्षांच्या सुक्या बोंबलांचा वास मुरलाय. चंद्रभानने ती साबणाने धुतली, रॉकेलने पुसली, वर लिंबू चोळलं. वास हटला नाही. सकाळी सायकल निघाली की मांजरं पहिल्या वळणापर्यंत पोचवायला येतात, आणि वळणापासून पुढे कुत्र्यांची हद्द लागते.

पन्नाशीला दोन वर्षं कमी असलेला, कंपनीत कायम असलेला, दारात मोटारसायकल असलेला माणूस ही सायकल का हाणतो, हे सांगायचं तर मागे जावं लागेल. बरंच मागे. त्याला बोट लागायची तिथपर्यंत.

चंद्रभान मूळचा घिवलीचा. बाप तांडेल; बोट त्याची, हुकूम त्याचा. बाराव्या वर्षी बापाने याला पहिल्यांदा बोटीवर घेतला. किनारा नजरेआड व्हायच्या आधीच पोराचं तोंड पांढरं पडलं आणि सकाळची भाकरी दर्यात गेली. बापाला वाटलं, पहिला दिवस आहे. दुसऱ्या खेपेला जिभेखाली चिंच दिली. तिसऱ्या खेपेला लिंबू. चौथ्या खेपेला कुणीतरी सांगितलं म्हणून बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला निजवला, आणि ते टोकच सगळ्यात जास्त उसळतं हे निजवल्यावर आठवलं. अशा सहा खेपा झाल्या. सातव्या खेपेला बापाने त्याला वाळूतच उभा केला आणि म्हणाला, "दर्यानं सहा येळा परत धाडलाय याला. आता जबरदस्ती नाय. याला कंपनीत घाला."

मच्छीमारांच्या गावात ज्याला बोट लागते त्याचे काय हाल होतात ते विचारू नका. चंद्रभान लग्नात हळदीला बसला, तेव्हासुद्धा एक म्हातारी भर मांडवात म्हणाली, "चंदर, पाट हलतोय का रं? नाय तं बादली ठेवते बाजूला."

तर आयटीआय करून तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात फिटर लागला. तिथे एक टावर होता, दहा-बारा मजल्यांइतका उंच, अंगाला चिकटलेली लोखंडी शिडी. पहिल्याच महिन्यात सगळ्यात वरचा व्हॉल्व्ह गळायला लागला. बरोबरचे चौघे निम्म्यावर कठडा धरून बसले. एकाने देवाचं नाव घेतलं, एकाने मुकादमाच्या आईचं. चंद्रभान शीळ घालत वर गेला, व्हॉल्व्ह आवळला आणि खाली बघून म्हणाला, "आणखी काही आहे का वर करायचं?" वारा सुटला की टावरही हलतो, चांगला वीतभर हलतो. पण ते हलणं त्याला कधी लागलं नाही. का, ते कुणाला सांगता आलं नाही.

हवा स्वच्छ असली की वरून समुद्र दिसायचा. अणुवीज केंद्राची चिमणी, तिच्या डाव्या हाताला घिवलीच्या माडांची रेघ आणि त्यापुढे परतणाऱ्या बोटी. दहाच्या चहाआधी तो बोटी मोजायचा आणि त्यातली बापाची ओळखायचा. ही गोष्ट बापाच्या कानावर गेली. मग बाप बंदरात ज्याला त्याला सांगू लागला, "माजा पोरगा डोलकाठीच्या चौपट उंचीवर उभा र्‍हातो. तिथून आपली बोट बघतो." पाट हलतोय का म्हणून विचारणारे गप्प झाले.

बाप जाऊन अकरा वर्षं झाली. बोटी मोजायची सवय तेवढी राहिली. चंद्रभानपाशी कुणाला सांगण्यासारखं जे काही होतं, ते त्या शिडीच्या टोकाला होतं.

आणि ते टोक हातचं जायची वेळ आली ती एका चिठ्ठीमुळे.

कारखान्यात सुजीत नावाचा नवा सेफ्टी ऑफिसर आला. तरुण, चष्मेवाला, दिसेल ते वाचायची खोड असलेला. चंद्रभानच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत जे कुणी वाचलं नव्हतं ते त्याने वाचलं. उंचीवर चढताना अंगाला बांधायच्या पट्ट्यावर आतल्या बाजूला एक कापडी चिठ्ठी शिवलेली असते, ती.

"काका, यावर काय लिहिलंय?"

"पट्टा बनवणाऱ्याचं नाव असेल."

"कमाल भार शंभर किलो, असं लिहिलंय. तुमचं वजन किती?"

"मोजलं नाही रे बाबा. मी काय भंगार आहे?"

सुजीत हसला, पण त्याने दवाखान्यात नेलंच. कंपनीच्या दवाखान्यातल्या नर्स कीर्तीबाई आकडे मोठ्याने वाचायच्या, बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असे. "एकशे सात!" बाहेर कुणीतरी शिट्टी मारली. कीर्तीबाईंनी फॉर्म भरला. फॉर्मवर खाली 'हत्यारांसह वजन' असा एक रकाना होता. त्यात त्यांनी सवयीने आडवी रेघ ओढली, सगळ्यांच्याच फॉर्मवर ओढायच्या तशी.

"तुमचा उंचीचा पास अजून तीन महिने चालेल," सुजीत म्हणाला. टावरवर चढायची परवानगी म्हणजे तो पास. "पुढच्या तपासणीला शंभरच्या आत या, मी स्वतः सही करतो. नाहीतर तुम्हाला स्टोअरला घेऊ. पंख्याखाली बसून नटबोल्ट द्यायचे. आराम."

आराम हा शब्द ऐकून चंद्रभानला फार वर्षांनी बोटीचं ते उसळतं टोक आठवलं.

दुसऱ्या दिवशी टावरखाली त्याचा जोडीदार मंगळ्या वाट बघत होता. मंगळ्या आतल्या डोंगराकडचा, पावसाळ्यात आपल्या तुकड्यावर नाचणी लावून उरलेले आठ महिने कंपनीत येणारा. काटक, हाडाला हाड लागलेला. चंद्रभान वर चढला की खालून सुरक्षेची दोरी धरायची ती याने. दोरी वरच्या चाकावरून येते. एका टोकाला वरचा माणूस, दुसऱ्या टोकाला खालचा.

"दादा, तू एकशे सात," मंगळ्या म्हणाला. बातमी वसाहतभर झाली होती. "मी बावन. तू वरतून पडलास तं मी या दोरीवर सुर्रकन वर जाईन. हिरीवरल्या पोहऱ्यासारका."

"मग वरून बोटी मोज माझ्या."

"मना बोटी कुटं कलतात? मी तं वरना वरड मारीन, वाचवा वाचवा!"

दोघं पोट धरून हसले. चंद्रभान शिडीला लागला, तेव्हा चौथ्या टप्प्यावर थांबून त्याने खाली बघितलं. मंगळ्या खरंच फार लहान दिसत होता.

घरी पुष्पलता म्हणाली, "भात सोडा." त्याने भात सोडला, तो चार दिवस. पाचव्या दिवशी ताटातल्या भाकऱ्या मोजून ती म्हणाली, "अवो, भात खा. भाकरी परवडत नाय." मुलगी उन्नती कॉलेजात शिकणारी. तिने काचेचा वजनकाटा मागवला. तो काटा एका लादीवर एकशे सहा दाखवी, दुसरीवर एकशे आठ, आणि संडासाच्या दाराशी ठेवला तर एकशे चार. "हा तर राजकारणी आहे," चंद्रभान म्हणाला आणि त्याने तो पलंगाखाली सारला. उन्नतीच म्हणाली, "बाबा, सायकल घ्या. गुडघ्यांना त्रास नाही होत."

बोईसरला स्टेशनच्या बाजूला निमेश या गुजराती माणसाचं सायकलचं दुकान. निमेशने त्याला एकदा वरून खाली बघितलं, मग खालून वर.

"अंकल, मजबूत आपू. आ जुओ, एकवीस गियर, पुढे झटके खायला स्प्रिंग. डोंगर चढते."

"डोंगर नको. मला पास्थळपर्यंत जाऊन यायचंय."

"तो पछी आ. वजनला एकदम हलकी, एका बोटाने उचला."

ती दुसरी सायकल बोकडाच्या शिंगांसारख्या वाकड्या हँडलची, चाकं करंगळीएवढी. चंद्रभान बसला आणि पुढे वाकला, तर पोट मांड्यांवर आलं. पाय वर घेतला की गुडघा पोटाला थटे. दुकानासमोरच्या रस्त्यावर एक फेरी मारून आला तो धापा टाकत. "यात पोट ठेवायला जागा नाही रे," म्हणाला. निमेशने पोपटी रंगाची एकवीस गियरवाली बाहेर काढली. गाडीबरोबर पाण्याची बाटली फुकट दिली.

पोपटी सायकलीने एकोणीस दिवस काढले. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटायचं, डोळ्यांत वाळू, अंगाला रसायनाचा आंबूस वास, आणि तसंच पास्थळच्या रस्त्याला लागायचं. टँकर अंगावरून जायचे. मागून हिंदीत कुणीतरी ओरडायचं, "चाचा, साइड में!" सीट म्हणजे टाचेएवढी; घरी येऊन पुष्पलतेला सांगायची सोय नाही अशा ठिकाणी दुखायचं. एकवीस गियरपैकी त्याला दोनच सापडले, एक फार जड आणि एक फार हलकं. विसाव्या दिवशी मागच्या चाकात 'टण्ण' झालं, मग आणखी दोनदा टण्ण टण्ण. तीन तारा तुटल्या, चाकाचा आठाचा आकडा झाला. चंद्रभानने ती खांद्याला लावली आणि चार किलोमीटर चालत घरी आला. निमेश म्हणाला, "अंकल, तुम्हाला दूधवाल्याची सायकल पाहिजे." तो टोमणा होता की सल्ला, ते निमेशलाच ठाऊक. पण चंद्रभानच्या डोक्यात चक्क दिवा लागला.

सुट्टीच्या दिवशी तो घिवलीला गेला. तिथे त्याची थोरली बहीण हंसा आणि तिचा नवरा नवशा. हंसा बंदरात मासळी विकायची, नवशा आता ओट्यावर बसून जाळी विणायचा. पण पूर्वी हाच नवशा सायकलीवर सुके बोंबील लादून गावोगाव फिरायचा, मुक्काम करत करत थेट सफाळ्याच्या बाजूपर्यंत. ती सायकल घरामागे फाटक्या जाळ्याखाली उभी होती.

"दीड मण बोंबील घेऊन फिरलोय मी हिच्यावर," नवशा म्हणाला. "तू काय, अडीच मण. पण बोंबील ओरडत नव्हते, तू ओरडशील."

चंद्रभान बसला. सीट रुंद, खाली जाड स्प्रिंगा, पाठ सरळ, पोटाला जागा. गियर एकही नाही. सायकल जराशी कुरकुरली आणि गप्प बसली. त्याला एवढं बरं वाटलं की तो डोळे मिटून तसाच दोन मिनिटं भिंतीला हात लावून बसून राहिला.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. परत निघताना तो बंदराकडून गेला, तर मासळी तोलायच्या छपरात तो जुना लोखंडी काटा दिसला. खाली फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. बापाची सगळी मासळी याच काट्यावर गेलेली. काचेच्या काट्यावरचा विश्वास उडाला होता, कंपनीच्या दवाखान्यात जायची लाज वाटत होती. हा काटा मात्र घरचा.

"बाय, जरा माझं वजन कर गं," तो तिथे मासळी विकत बसलेल्या हंसाला म्हणाला.

"तुला विकायचाय का?" म्हणत हंसाने दांडीवरचं वजन सरकवलं. "एकशे तीन."

"काय?"

"एकशे तीन! बहिरा झालास का?"

वीस दिवसांत चार किलो! चंद्रभान त्या दिवशी घिवलीहून सरावलीपर्यंत तेरा-चौदा किलोमीटर न थांबता गेला. घरी पोचल्यावर उंबरा ओलांडवेना म्हणून दाराच्या पायरीवरच बसला, पण बसल्या बसल्या हसत होता. पहिलं मांजर त्याच दिवशी आलं.

मग नेमच झाला. पाळी कुठलीही असो, सायकल घिवलीला. सकाळपाळीच्या आठवड्यात दुपारच्या उन्हात, रात्रपाळीच्या आठवड्यात जागरण डोळ्यांवर घेऊन. वारा नेमका समुद्राकडून, म्हणजे जाताना तोंडावर. पायडल मारताना त्याला वाटायचं, आपण कुठेच जात नाही आहोत, रस्ताच खालून कुणीतरी हळूहळू ओढतंय. पिंढऱ्या लाकडाच्या झाल्या. रात्री झोपेत पाय आपोआप हलायचे. पुष्पलता उशी मध्ये ठेवून झोपू लागली.

त्यात वाटेत लोक थांबवायचे. दोन दांड्यांची सायकल, मागे सळयांचं कॅरिअर, वर वास. पास्थळला एका बाईने गॅलरीतून हाक मारली, "ओ मासेवाले, बोंबील आहेत का?" पहिल्या दिवशी तो रागावला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "संपले." आठवड्याने ती बाई म्हणाली, "रोज संपतात कसे हो तुमचे? आमच्यासाठी ठेवत जा." मग त्याने खरोखर एकदा हंसाकडून पाव किलो आणून दिले, तर म्हणे, "लहान आहेत."

आणि हंसाचं काय सांगावं! भाऊ घामाने निथळत आला की ती चुलीवर तवा ठेवी. तांदळाची भाकरी, तळलेले ओले बोंबील, चिंबोरीचं कालवण.

"बाय, मी बारीक व्हायला येतो इथे."

"मग उपाशी जाशील? लोक काय म्हनतील? बाप गेला आनि बहिनीनं पानी पन नाय दिलं?"

तरी पण वजन उतरत होतं. एकशे दोन. शंभर. तपासणीला आठ दिवस उरले, त्या दिवशी हंसाने दांडी सरळ केली आणि ओरडली, "अठ्ठ्याण्णव!" चंद्रभान फळीवर उभ्या उभ्या नाचला. फळी खडखडली. त्या आवाजाने नवशाने विणकामातून मान वर केली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच बंदरात येऊन बसला होता.

"टोपली कुटाय तुजी?" नवशाने विचारलं.

"कसली टोपली?"

"अरे टोपली घेऊन उभा र्‍हा ना काट्यावर."

"मी काय मासळी आहे?"

नवशाने हातातली सुई खाली ठेवली, उठला, दांडीच्या मागच्या टोकाला काळ्या तारेने बांधलेला एक गंजका लोखंडी तुकडा बोटाने हलवून दाखवला. "मग हा पासंग कोन सोडेल? मासळी काय उघडी तोलतात? टोपलीत तोलतात. दर येळेला टोपली वजा कोन करनार, म्हनून तुज्याच बापानं हा तुकडा बांधला हितं. भिजलेल्या टोपलीचं वजन आधीच कापलेलं हाय याच्यात."

"किती?"

"तीन किलो."

मग हंसाने कपाळाला हात लावला. "आगं बाय माजी! टोपलीशिवाय कदी कायी तोललंच नाय रे मी. टोपली कोन वजनात धरतं?"

म्हणजे एकशे एक. म्हणजे त्या पहिल्या दिवशी चार नव्हे, एकच किलो गेला होता. उरलेले तीन बापाच्या हातच्या त्या तुकड्याने खाल्ले होते. चंद्रभान सायकलीपाशी जाऊन उभा राहिला. बसावंसं वाटेना, चालावंसंही वाटेना. हंसा मागून आली.

"रागावलास?"

"नाय गं. दमलो."

"जेवून जा."

"बाय!"

"बरं, बरं. पेज देते. नुसती पेज."

ते आठ दिवस त्याने कसे काढले ते पुष्पलताच जाणे. काकडी, ताक, पेज. सायकल दोनदा, सकाळी घिवली आणि संध्याकाळी पास्थळ. चौथ्या दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत पाइपांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या झोपला. मंगळ्याने उठवलं नाही, माशा वारत बसला. सहाव्या दिवशी वरचा व्हॉल्व्ह पुन्हा गळाला. चंद्रभान पट्टा बांधून, खांद्याला हत्यारांची पिशवी लटकवून चढला. पाने, हातोडा, पक्कड, साखळी. सव्वीस वर्षं तीच पिशवी. सातव्या टप्प्यावर पाय एका पायरीवरून सरकला. पडला नाही, दोन्ही हातांनी शिडी धरली. पण पिशवी जोरात हिसडली, दोरी ताणली गेली, आणि खालून मंगळ्याची किंकाळी आली. बघतो तर मंगळ्याच्या टाचा जमिनीपासून उचलल्या गेल्या होत्या. नुसत्या टाचा. पण उचलल्या होत्या.

खाली आल्यावर मंगळ्या तळहात चोळत म्हणाला, "आज पोहरा हलला, दादा." या वेळी दोघांनाही हसू आलं नाही.

तपासणीच्या दिवशी चंद्रभानने सकाळपासून पाणीसुद्धा घोटभरच घेतलं. बूट काढले, हेल्मेट काढलं, खिशातल्या किल्ल्या काढल्या. काट्यावर उभा राहिला आणि डोळे मिटले.

"नव्व्याण्णव पॉइंट आठ!" कीर्तीबाई ओरडल्या, आणि या वेळी त्यांचाच आवाज आनंदाने फाटला. बाहेर टाळ्या पडल्या. सुजीतने पेन उघडलं. "काका, मानलं तुम्हाला. पूर्ण प्लांटला तुमचं उदाहरण देणार मी."

चंद्रभान बूट घालायला वाकला. वाकता वाकता त्याची नजर फॉर्मवर गेली. 'हत्यारांसह वजन'. कीर्तीबाईंचं पेन त्या रकान्यावर आलं आणि त्यांनी एक आडवी रेघ ओढली.

टोपली कोन वजनात धरतं?

त्याचा हात बुटाच्या नाडीवर तसाच राहिला. बोलायची गरज नव्हती. कुणी विचारलं नव्हतं, सव्वीस वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. अंगात त्राण नव्हतं, सही दोन बोटांवर होती, आणि सहीनंतर घरी जाऊन भात खायचा होता. दारापाशी मंगळ्या उभा होता, टाळ्या वाजवायला आलेला. टाळ्या तो बोटांच्या टोकांनीच वाजवत होता, कारण तळव्यांवर दोरीचे वळ अजून ताजे होते.

"मंगळ्या," चंद्रभान म्हणाला, "ती पिशवी आण इकडे."

"कंची?"

"हत्यारांची. आणि पट्टा."

"काका, आता कशाला?" सुजीत म्हणाला. "झालं की."

"बाई, ती रेघ खोडा," चंद्रभान म्हणाला. पट्टा बांधला, पिशवी खांद्याला लावली आणि पुन्हा काट्यावर चढला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत.

कीर्तीबाईंनी आकडा वाचला, पण पहिल्यांदाच हळू आवाजात. "एकशे सात."

तीन महिन्यांपूर्वीचाच आकडा. सुजीतने कागद हातात घेऊन तो रकाना वाचला. वाचायची खोड असलेल्या माणसाने तो आधी वाचला नव्हता, हे त्यालाही लागलं असावं. त्याने पेन मिटलं.

"बाकी सगळ्यांचेही फॉर्म पुन्हा भरावे लागतील."

"भरा."

"तुम्हाला स्टोअरला जावं लागेल काका. निदान पुढच्या तपासणीपर्यंत."

"जातो," चंद्रभान म्हणाला.

घरी पुष्पलतेने भात केला होता. बातमी ऐकून तिने ताटात भात वाढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. तो निम्मा खाऊन झोपला. त्या रात्री त्याचे पाय हलले नाहीत.

स्टोअरमध्ये पंखा खरोखरच होता. चंद्रभान त्याच्याखाली तीन आठवडे बसला आणि नटबोल्ट देत राहिला. घिवलीला मात्र जात होता. हंसा आता त्याला काट्यावर उभा करून हातात एक ओली टोपली देई आणि मगच दांडी सरळ करी. "आता खरा माल," म्हणे.

चौथ्या आठवड्यात टावरचा तो व्हॉल्व्ह पुन्हा गळाला. नवे फॉर्म भरले तेव्हा हत्यारांसकट शंभरच्या आत आलेल्यांत मंगळ्या होता: एकोणसाठ. सव्वीस वर्षं नाही, पण नऊ वर्षं त्याने ते काम खालून बघितलं होतं. त्याला वर पाठवायचं ठरलं. तो सुजीतला म्हणाला, "जातो. पन दोरीवर मना चंद्रभानदादाच पायजे. दुसरा नाय."

"का?"

"तो खाली असला तं मी पडलो तरी पोहरा जागचा हलनार नाय."

तर असा चंद्रभान पुन्हा टावरखाली आला. हातात दोरी, खांद्याला वॉकीटॉकी. सकाळची सायकल मारून आलेला. पिंढऱ्या भरून आलेल्या, कंबर वाकवत नव्हती. मंगळ्या एकेक टप्पा वर गेला. निम्म्यावर थांबला. बराच वेळ थांबला.

"खाली बघू नको," चंद्रभान म्हणाला. "शिडीचा पुढचा डांडा बघ, फक्त पुढचा."

मंगळ्या वर पोचला. कुठला नट आधी, कुठला मागून, किती पिळे, चंद्रभान खालून सांगत गेला. गळती थांबली. मग वॉकीटॉकीवर नुसता वारा आला.

"मंगळ्या?"

"हाय, हाय. दादा, केवढा मोठा हाय रं इथना समदा!"

"बोटी दिसतात का?"

"पानी दिसतंय."

"पाणी रोजच दिसतं. चिमणीच्या डाव्या हाताला बघ."

"डावा कंचा? माजा का तुजा?"

"अरे, तुझाच! तोंड समुद्राकडे कर."

"हां. पांढरा पांढरा काय तरी हाय. बगळे असतील."

"बगळे नाहीत रे, बोटीच त्या. मोज."

"एक... दोन... हलतात दादा त्या, मोजू देत नाय." बऱ्याच वेळाने आवाज आला. "सात. नाय, आठ. एक जरा मागं हाय."

जवळच बसायला स्टूल होतं, पण हातात दोरी होती. चंद्रभानने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि दोरीला मनगटाचा आणखी एक वेढा दिला.

"तिला पण येऊ दे," तो म्हणाला. "मग उतर. सावकाश. मी हाय."